भरवसा शस्त्राचा, कसोटी सरावाची

(वारणानगर येथे शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खंडेनवमीच्या दिवशी महाराष्ट्रात शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते. शेतकऱ्याचा नांगर, सुताराची पटाशी, पोलीस ठाण्यातील बंदुका आणि पिस्तुले या सर्वांना त्या दिवशी हळदकुंकू लागते, झेंडूची फुले वाहिली जातात. साधनाविषयीची ही कृतज्ञता योग्यच आहे. परंतु पूजेने साधनाचा मान राखला जातो, त्याच्या विश्वसनीयतेची खात्री होत नाही. दसऱ्याच्या सुमारास साखर कारखान्यांतून बॉयलरचे अग्निप्रदीपन होते. तेथेही पूजा होते, नारळ फुटतो. पण तेवढ्यावर विसंबून कोणताही जाणता इंजिनिअर गव्हाणीत मोळी पडू देत नाही. वाफेचा दाब हळूहळू चढविला जातो, झडपा तपासल्या जातात, यंत्रे रिकामी फिरवून पाहिली जातात आणि त्यानंतरच गळीत हंगामाला प्रारंभ होतो. तात्यासाहेब कोरे यांनी सहकाराच्या बळावर उभ्या केलेल्या या वारणा परिसरात ही गोष्ट वेगळी सांगण्याचे कारण नाही. वारणेच्या बालवाद्यवृंदातील मुलेही हेच जाणतात. वाद्य कितीही नामांकित कारागिराचे असो, रोजच्या रियाजाशिवाय ते ऐन कार्यक्रमात साथ देईल याची शाश्वती नसते.

आजचा विषय या दोन उदाहरणांपेक्षा अधिक गंभीर आहे. तो आहे पिस्तुलासारख्या लहान शस्त्राच्या विश्वसनीयतेचा. असे शस्त्र पोलीस अधिकाऱ्याच्या कमरेला असते, बँकेच्या वा संस्थेच्या रक्षकाजवळ असते आणि काही परवानाधारक नागरिकांच्या घरी असते. ‘हे पिस्तूल चांगले आहे काय?’ हा प्रश्न बहुधा खरेदीच्या वेळी एकदाच विचारला जातो, आणि त्याचे उत्तर कारखान्याच्या नावावरून किंवा किमतीवरून दिले जाते. वस्तुतः हा प्रश्न सतत विचारीत राहावयाचा असतो, आणि त्याचे उत्तर चांदमारीच्या मैदानावरच मिळत असते.

लहान शस्त्र, मोठी जोखीम

रायफलीपेक्षा पिस्तूल हाताळण्यास सोपे, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. रायफलीला खांद्याचा आधार मिळतो, तिची नळी लांब असते आणि पुढचा व मागचा नेमदर्शक यांत बरेच अंतर असते. पिस्तूल केवळ हाताच्या आधाराने धरावयाचे असते आणि त्याचे दोन नेमदर्शक एकमेकांच्या अगदी जवळ असतात. हे अंतर १५ सेंटिमीटर आहे असे धरले आणि नेम साधताना पुढचा नेमदर्शक केवळ १ मिलिमीटर बाजूला सरकला, तर २५ मीटरवर गोळी सुमारे १७ सेंटिमीटर बाजूला जाते. हेच अंतर रायफलीवर ७५ सेंटिमीटर असेल, तर तेवढ्याच चुकीने गोळी ३ ते साडेतीन सेंटिमीटरच ढळते. बाजारपेठेत किंवा एस.टी. स्थानकावर १७ सेंटिमीटरची चूक म्हणजे गुन्हेगाराऐवजी वाटसरूला लागलेली गोळी होऊ शकते.

पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांतही भेद आहे. रिव्हॉल्व्हरची फिरती चकती बोटाच्या जोराने फिरते. एखादे काडतूस उडाले नाही तर चाप पुन्हा ओढताच पुढचे काडतूस समोर येते. स्वयंभरणाच्या पिस्तुलात मात्र झाडलेल्या काडतुसाची ऊर्जाच वरचा सरकता भाग मागे ढकलते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि नवे काडतूस नळीत चढविते. ही सर्व क्रिया सुरळीत होण्यासाठी हाताची पकड घट्ट असावी लागते. मनगट ढिले राहिले तर सरकत्या भागाला पुरेसा विरोध मिळत नाही, तो आपला प्रवास पूर्ण करीत नाही आणि पुंगळी मध्येच अडकून बसते. अशा प्रसंगी ‘पिस्तूल अडकले’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात पिस्तूल निर्दोष असते, पकड सदोष असते. शस्त्राची विश्वसनीयता केवळ शस्त्रात नसून ती शस्त्र, काडतूस आणि हात या तिघांच्या मेळात असते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

बिघाड कोणाचा?

नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत या प्रश्नाचा फार बारकाईने विचार झाला आहे. स्पर्धेत पिस्तूल अडले तर स्पर्धक ते लक्ष्याच्या दिशेनेच रोखून धरतो आणि मोकळा हात वर करून मैदान अधिकाऱ्यास बोलावितो. अधिकारी पिस्तूल तपासतो आणि बिघाड ‘ग्राह्य’ की ‘अग्राह्य’ हे ठरवितो. चाप ओढला, यंत्रणा चालली, तरीही काडतूस उडाले नाही किंवा पुंगळी बाहेर पडली नाही, तर तो सामान्यतः ग्राह्य बिघाड. सुरक्षा खटका उघडावयाचा राहिला, पिस्तूल भरावयाचेच राहिले किंवा अधिकारी येण्यापूर्वी स्पर्धकाने यंत्रणेला हात लावला, तर तो अग्राह्य. त्याचा भुर्दंड स्पर्धकाला सोसावा लागतो.

सरावाच्या मैदानावर हीच शिस्त प्रत्येक पोलीस ठाण्याने आणि प्रत्येक परवानाधारकाने अंगीकारण्याजोगी आहे. प्रत्येक अडथळ्याचे कारण शोधावे आणि लिहून ठेवावे. बहुतेक कारणे साधी असतात. मॅगझिनची स्प्रिंग थकलेली असते किंवा तिच्या तोंडाची कड वाकलेली असते. काडतूस अनेक महिने घामाच्या पट्ट्यात वागविल्यामुळे किंवा पावसाळ्याच्या दमट हवेत राहिल्यामुळे खराब झालेले असते. नळीत काजळी साचलेली असते, तेल अजिबात नसते किंवा इतके असते की त्यात धूळ चिकटून राहते. अंगठा नकळत सरकत्या भागाला घासत असतो. हे दोष शस्त्रागारातील कपाटात कधीच दिसून येत नाहीत. प्रत्यक्ष गोळी झाडल्याशिवाय ते उघड होत नाहीत.

दोन बिघाडांविषयी विशेष दक्षता आवश्यक आहे. चाप ओढूनही काडतूस उडाले नाही, तर सरावाच्या वेळी शस्त्र सुरक्षित दिशेला रोखून किमान अर्धा मिनिट थांबावे, कारण क्वचित काडतूस उशिरा पेट घेते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढची गोळी मुळीच झाडू नये. आधीची गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुटून हात गमावण्याची वेळ येते. कोठे थांबावयाचे, हेसुद्धा सरावच शिकवितो.

किती गोळ्यांनी खात्री पटते?

१९११ सालच्या मार्च महिन्यात अमेरिकी सैन्याने पिस्तुलांची एक चाचणी घेतली. जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्याच्या एकाच पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडण्यात आल्या. पिस्तूल तापले की थंड करावयाचे, ठरावीक गोळ्यांनंतर साफ करून तेल द्यावयाचे आणि पुन्हा झाडावयाचे, असा क्रम होता. ते पिस्तूल एकदाही अडले नाही. प्रतिस्पर्धी पिस्तूल मात्र अनेकदा अडले. त्याच महिन्यात ब्राउनिंग यांच्या पिस्तुलाची निवड झाली. पुढे त्यांच्याच नंतरच्या आराखड्यावरून विकसित झालेले ९ मिलिमीटरचे पिस्तूल भारतात ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत तयार होऊ लागले.

सामान्य शस्त्रधारकास ६,००० गोळ्या झाडणे शक्य नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. तथापि थोड्या गोळ्यांवरून मोठा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळावयास हवा. संख्याशास्त्रात एक सोपा ठोकताळा आहे. एखादी चाचणी जितक्या वेळा निर्दोष पार पडली, त्या संख्येने ३ ला भागावे. दोषाचे खरे प्रमाण जास्तीत जास्त तेवढे असू शकेल, असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. ५० गोळ्या न अडता सुटल्या तर अडण्याचे प्रमाण शंभरात ६ पर्यंत असू शकते. ३०० सुटल्या तर ते शंभरात एकाहून अधिक नसावे. ६,००० सुटल्या तर दोन हजारांत एक. दहा-वीस गोळ्या झाडून ‘पिस्तूल उत्तम चालते’ असा शेरा नोंदवहीत लिहिणे म्हणजे एका सरीवरून पावसाळ्याचा अंदाज बांधण्यासारखे आहे.

शिवाय ही खात्री त्या विशिष्ट मेळापुरतीच असते. काडतुसांचा साठा बदलला, मॅगझिन बदलले किंवा हात बदलला की काही प्रमाणात हिशोब पुन्हा मांडावा लागतो. म्हणूनच शस्त्र शक्यतो एकाच व्यक्तीकडे असावे, प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक असावा आणि कर्तव्यावर जे काडतूस वापरावयाचे त्याच जातीच्या काडतुसावर सराव व्हावा. अंगावर वागविलेली काडतुसे ठरावीक काळाने सरावात खर्ची घालून त्यांच्या जागी नवी घेतल्यास दोन्ही कामे साधतात.

कोल्हापूरच्या मातीतील उदाहरण

सरावातून विश्वास कसा निर्माण होतो, याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. कुस्तीच्या तालमींसाठी प्रसिद्ध असलेल्या कोल्हापूरने गेल्या दोन दशकांत नेमबाजीतही आपले नाव जगभर नेले. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळविले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविले. ही रायफलीची उदाहरणे झाली. पिस्तुलाचे उदाहरण म्हणजे कोल्हापूरच्याच राही सरनोबत.

शाळेत असताना एनसीसीच्या निमित्ताने त्यांची शस्त्राशी ओळख झाली. पुढे २५ मीटर पिस्तूल हा त्यांचा प्रकार ठरला. या प्रकारात ६० गोळ्या असतात. पहिल्या ३० सावकाश नेम साधून झाडावयाच्या, उरलेल्या ३० जलद. जलद फेरीत लक्ष्य केवळ ३ सेकंद समोर असते आणि नंतर ७ सेकंद नसते. खाली झुकलेला हात त्या ३ सेकंदांत वर उचलून, नेम साधून, एकच गोळी झाडावयाची असते. असे लागोपाठ पाच वेळा. या ३ सेकंदांत पिस्तुलाविषयी शंका घेण्यास अवकाशच नसतो. चाप किती दाबल्यावर सुटतो, झटक्यानंतर नेमदर्शक पुन्हा कोठे येऊन थांबतो, हे सर्व बोटांना आणि मनगटाला आधीच ठाऊक असावे लागते.

२०१३ साली दक्षिण कोरियातील चांगवॉन येथे त्यांनी विश्वचषक स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण मिळाले. त्यानंतर कोपराच्या दुखापतीने त्यांना मोठा खंड सोसावा लागला. २०१८ साली पालेंबांग येथे आशियाई स्पर्धेची अंतिम फेरी बरोबरीत सुटली. बरोबरी फोडण्यासाठी घेतलेल्या फेरीतही पुन्हा बरोबरी झाली. दुसऱ्या निर्णायक फेरीत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत उपजिल्हाधिकारी म्हणून त्यांची नियुक्ती झालेली असल्याने येथे जमलेल्या अधिकाऱ्यांना त्या परक्या नाहीत. तिसऱ्यांदा जेव्हा त्याच पाच गोळ्या झाडावयाची वेळ आली तेव्हा हाताशी होते ते अनेक वर्षांच्या सरावाचे संचित. नव्या पिस्तुलाची चमक तेथे उपयोगी पडली नसती.

सरावाची उणीव आणि तिची किंमत

खेळाच्या मैदानावर चुकलेल्या गोळीने पदक हुकते. कर्तव्यावर चुकलेल्या अथवा न सुटलेल्या गोळीची किंमत वेगळी असते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर झालेल्या हल्ल्यात ही गोष्ट महाराष्ट्राने अनुभवली. गिरगाव चौपाटीवरील नाकाबंदीत पोलिसांनी दोन दहशतवाद्यांची गाडी अडविली. अधिकाऱ्यांनी आपल्याजवळील लहान शस्त्रांतून झाडलेल्या गोळ्यांनी एक दहशतवादी मारला गेला. दुसऱ्याच्या स्वयंचलित रायफलीची नळी सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातांनी पकडून ठेवली. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावच्या या वीराजवळ बंदूक नव्हती. पोटात गोळ्या घेऊन त्यांनी पकड सोडली नाही, म्हणून अजमल कसाब जिवंत हाती लागला. २००९ साली त्यांना मरणोत्तर अशोकचक्र प्रदान करण्यात आले.

या हल्ल्यानंतर शासनाने राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २००९ साली अहवाल सादर केला. पोलिसांच्या शौर्याची दखल घेतानाच शस्त्रसामग्री आणि सरावासाठी लागणारा दारूगोळा यांतील उणिवांकडेही समितीने लक्ष वेधले. त्याच वर्षी राज्याने फोर्स वन हे विशेष दल उभारले. ओंबळे यांचे बलिदान वंदनीय आहे. परंतु कोणत्याही प्रशासनाने आपल्या शिपायाच्या उघड्या छातीवर योजना आखावयाची नसते. सरावासाठी झाडलेली गोळी हिशोबाच्या कागदावर ‘खर्च’ म्हणून दिसते, म्हणून काटकसरीची कात्री प्रथम तिच्यावर चालते. ही काटकसर महाग पडते. रस्त्यावर उभ्या असलेल्या शिपायाला आपले शस्त्र चालेल की नाही हे ठाऊक नसेल, तर तो वेळेवर ते उपसणार नाही, किंवा घाबरून अवेळी उपसेल. दोन्हींत नागरिकाचेच नुकसान आहे.

दारूगोळा अपुरा असेल त्या काळातही सराव थांबविण्याचे कारण नाही. शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, सुरक्षित दिशेला नेम धरून चाप ओढण्याचा कोरा सराव जगातील उत्तमोत्तम नेमबाज नित्य करतात. पकड, नेम आणि चाप या तिन्ही गोष्टी त्यातून सुधारतात. शस्त्र मात्र अशा सरावासाठी योग्य आहे की नाही, हे शस्त्रागारातील जाणकाराकडून समजून घ्यावे. कोरा सराव हाताची परीक्षा घेतो, पण काडतुसाची आणि मॅगझिनची परीक्षा घेऊ शकत नाही. त्यामुळे तो खऱ्या गोळीबाराला पूरक आहे, पर्याय नव्हे.

परवानाधारक आणि पंचायत

ग्रामीण भागात परवान्याची शस्त्रे अनेक घरी आहेत. त्यांतील कित्येक वडिलोपार्जित असून वर्षानुवर्षे पेटीत पडून असतात. निवडणुकीच्या काळात ती पोलीस ठाण्यात जमा होतात आणि नंतर परत पेटीत जातात. न चालविलेले असे शस्त्र घराचे रक्षण करील ही समजूत भ्रामक आहे. ते संकटसमयी चालणार नाही आणि मुलाच्या हाती पडले तर नको तेव्हा चालेल.

कायद्याने याचा विचार केलेला आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली केलेल्या २०१६ च्या नियमांत परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याने शस्त्रसुरक्षेचे प्रशिक्षण घेणे आवश्यक ठरविले आहे. शस्त्र सुरक्षितपणे हाताळणे, त्याची निगा राखणे, ते सुरक्षित ठेवणे आणि त्याची वाहतूक करणे या बाबी त्यात अंतर्भूत आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस ठेवता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. लग्न-वरातीत किंवा मिरवणुकीत आनंदाच्या भरात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा आता स्वतंत्र गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शेतात किंवा माळावर झाडलेल्या गोळ्या म्हणजे सराव नव्हे. सराव मान्यताप्राप्त नेमबाजी केंद्रावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावयास हवा.

कर्तव्याची वाटणी

या विषयात प्रत्येकाचा वाटा आहे. अधिकाऱ्यांनी प्रत्येक शस्त्रासाठी एक स्वतंत्र नोंदवही ठेवावी. किती गोळ्या झाडल्या, कोणत्या साठ्याच्या, कोणत्या मॅगझिनमधून, कोठे अडथळा आला, कारण काय निघाले आणि कोणी दुरुस्त केले, एवढे सहा रकाने पुरेसे आहेत. बदली होऊन येणाऱ्या नव्या अधिकाऱ्याला अशी वही कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा अधिक सांगेल. शिक्षकांनी एनसीसीच्या नेमबाजीकडे केवळ संचलनाची पुरवणी म्हणून पाहू नये. शस्त्राविषयीचे कुतूहल मुलांना असतेच. त्या कुतूहलाला शिस्तीची जोड शाळेत मिळाली तर पुढे ती चित्रपटातून मिळविण्याची पाळी येणार नाही. पंचायत सदस्यांनी आपल्या गावातील परवानाधारकांना प्रशिक्षणाची, कुलूपबंद पेटीची आणि वार्षिक तपासणीची आठवण द्यावी, आणि ज्यांना शस्त्राची गरज उरलेली नाही त्यांनी ते रीतसर जमा करावे यासाठी त्यांचे मन वळवावे. न वापरता येणारे शस्त्र घरात नसणे हेच अधिक सुरक्षित होय.

पुढील खंडेनवमीला पोलीस ठाण्यातून पुन्हा शस्त्रपूजन होईल. त्या दिवशी हळदकुंकवाच्या तबकाशेजारी प्रत्येक शस्त्राची नोंदवही उघडून ठेवलेली असावी आणि तिची पाने वर्षभराच्या सरावाने भरलेली असावीत. ज्या शिपायाच्या हाती ते शस्त्र द्यावयाचे, त्याच्या आणि त्याच्यावर विसंबून निर्धास्तपणे झोपणाऱ्या गावाच्या दृष्टीने त्या पूजेचे सार्थक त्यातच आहे.